नमस्कार, ३७६८८८७५२०

गेल्या महिन्यात मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातलं अर्धं पान खोडलं. ते पिनाटुबो ज्वालामुखीबद्दल होतं आणि बरं लिहिलं होतं असं मला अजूनही वाटतं. ते खोडायला लागलं एका फाईलमुळे, जिचा हवामानाशी काडीचाही संबंध नाही. तुमच्यापैकी जे कोणी लॅबच्या क्लस्टरवर किंवा दूरच्या सर्व्हरवर काम करतात त्यांच्या होम फोल्डरमध्ये ही फाईल नक्की असणार. नावाच्या आधी टिंब असतं म्हणून ती एरवी दिसत नाही. तिचं नाव ‘.बॅशआरसी’.

या ब्लॉगवर मी सहसा एखाद्या शोधनिबंधाची चिरफाड करते. या वेळी चिरफाडीला घेतलाय बॅशच्या मॅन्युअलमधला एक छोटासा विभाग: शेल सुरू होताना कोणकोणत्या फाईली वाचल्या जातात ते सांगणारा. पान-दोन पानांचाच आहे. त्यात एकही वाक्य खोटं नाही. तरीही मला तो वाईट वाटतो, आणि का ते सांगायला आधी घडलं काय ते सांगते.

ज्यांचा कमांड लाइनशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. काळ्या खिडकीत आपण टाईप केलेलं वाचून कामाला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. बॅश हा त्यातला सगळ्यात जास्त भेटणारा. एसएसएच वापरून आपण दुसऱ्या गावातल्या मशिनवर शिरतो तेव्हा पलीकडे एक शेल सुरू होतो. सुरू होताना तो तुमच्या काही फाईली वाचतो आणि त्यात लिहिलेली सेटिंग लावून घेतो. कोणता पायथन वापरायचा, तुमचा स्वतःचा कोड कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचा, कुठल्या कमांडला काय टोपणनाव दिलंय, वगैरे. एवढं पुरे.

तर, माझ्याकडून एकदा चुकीच्या खिडकीत फोल्डर डिलीट झालं. मला वाटलं मी लॅपटॉपवर आहे, होते क्लस्टरवर. बॅकअप होता, वाचले. पण पुन्हा नको म्हणून क्लस्टरवरच्या बॅशआरसीत अगदी पहिल्या ओळीत एक एको घातला: ‘नमस्कार, तुम्ही क्लस्टरवर आहात’. शिरलं की नमस्कार दिसणार. छान वाटलं. संध्याकाळी लॅपटॉपवर फाईली उतरवायला गेले, तर फाईल आणणाऱ्या प्रोग्रॅमने सांगितलं की आलेला संदेश फारच लांब आहे, लांबी ३७६८८८७५२०.

पावणेचारशे कोटी! माझ्या सगळ्या फाईली मिळूनसुद्धा तेवढे बाइट होत नव्हते.

हा आकडा कुठून आला ते नंतर कळलं, आणि मला ते इतकं आवडलं की इथे सविस्तर लिहिते. फाईली आणण्याच्या एसएफटीपी या पद्धतीत दोन्ही बाजू एकमेकांना संदेश पाठवतात आणि प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट म्हणजे त्याची लांबी. माझ्या लॅपटॉपने पलीकडून आलेले पहिले चार बाइट लांबी म्हणून वाचले. पण पलीकडून आधी आला होता माझा नमस्कार. यूटीएफ-८ मध्ये ‘न’ या अक्षराला तीन बाइट लागतात: २२४, १६४, १६८. चौथा बाइट ‘म’चा पहिला, तो पुन्हा २२४. हे चार बाइट एकापुढे एक ठेवून एकच संख्या म्हणून वाचा, ३७६८८८७५२० येतात. हिशोब करून बघा. म्हणजे लॅपटॉपला माझा नमस्कार व्यवस्थित पोचला होता, फक्त त्याने तो आकड्यात वाचला. इंग्रजीत ‘हेलो’ म्हणणाऱ्यांना अर्थातच वेगळा आकडा दिसतो. मोठ्या एचने सुरू केलं तर १२१४६०६४४४ किंवा त्याच्या अगदी जवळपासचा, चौथं अक्षर काय आहे त्यावर.

ओपनएसएसएचच्या नव्या आवृत्त्यांत त्या आकड्याखाली आणखी एक ओळ येते: नॉन-इंटरॅक्टिव्ह सत्रात पलीकडच्या शेलने काही छापणार नाही याची खात्री करा. ज्याने ही ओळ घातली त्याचे आभार, अशी ओळ लिहायला दुसऱ्याच्या डोक्यात शिरावं लागतं. मी ती वाचली, ‘नॉन-इंटरॅक्टिव्ह’ शब्दाशी अडखळले, आणि सीनिअरला विचारलं. त्याने वर न बघता सांगितलं, “अगं, वरती गार्ड टाक.”

गार्ड म्हणजे बॅशआरसीच्या सुरुवातीला लिहायची एक ओळ. शेलच्या चालू पर्यायांच्या यादीत ‘आय’ हे अक्षर असेल तर समोर माणूस बसलाय, नसेल तर नाही. नसेल तर इथूनच परत फिर, पुढचं काही वाचू नकोस, असं ती ओळ सांगते. हा सल्ला तुम्हाला कुठेही मिळेल. डेबियन आणि उबंटूमध्ये नवीन युजरला जी तयार बॅशआरसी मिळते तिच्यात तर ही ओळ अगदी वरती आधीपासूनच असते. मी ती टाकली. नमस्कार शिरताना दिसायला लागला, फाईली उतरायला लागल्या. प्रश्न सुटला.

आता प्रबंधाकडे. माझं काम उष्णतेच्या लाटांवर आहे. भारतीय हवामान विभागाची तापमानाची एक अंशाच्या जाळीतली दैनंदिन आकडेवारी १९५१पासून मिळते. त्यावरून काढायचे निर्देशांक मी दशकादशकाने काढते, कारण प्रत्येक दशकासाठी हजारो वेळा नमुने फिरवून अनिश्चितता मोजायची असते आणि त्याला वेळ लागतो. १९५१ ते २०२० म्हणजे सात दशकं, सात जॉब. त्यातून जाता जाता देशाचं सरासरी तापमानही निघतं. ते मुख्य काम नाही, पण प्रकरणाच्या सुरुवातीला एक आकृती म्हणून बरं दिसतं.

पहिले चार जॉब मी क्लस्टरवर शिरून हाताने सोडले. मग कंटाळा आला. लॅपटॉपवर दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, जी एसएसएचवरूनच, क्लस्टरवर प्रत्यक्ष न शिरता, जॉब सोडण्याची कमांड पाठवते. उरलेले तीन जॉब असे गेले. सगळे व्यवस्थित संपले. एकही एरर नाही. आकृती काढली तर १९९१ला रेघ एक पायरी खाली उतरलेली, अंशाच्या पाचव्या भागाएवढी, आणि तिथून पुन्हा नेहमीसारखी वर चढणारी.

१९९१ म्हटल्यावर हवामानवाल्या माणसाला काय आठवतं? जून १९९१, फिलिपिन्समधला पिनाटुबो. त्याने गंधकाची वाफ थेट स्थितांबरात फेकली, तिचे बारीक कण झाले, सूर्यप्रकाश अडला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान जवळजवळ अर्ध्या अंशाने खाली आलं. हे पाठ्यपुस्तकात आहे. माझी पायरी त्याच वर्षी. मी लगेच अर्धं पान लिहून काढलं.

गाईडनी ते वाचलं आणि पेन्सिलीने एकच ओळ लिहिली: “ते कण दोन-तीन वर्षांत खाली बसले. तुझी रेघ परत वर का नाही आली?”

मी तीन दिवस आकडेवारीत खोट शोधत होते. स्टेशनांची संख्या बदलली का, जाळीत कुठे भोकं आहेत का. खोट माझ्याच घरात होती. वर्षभरापूर्वी माझ्या कोडमध्ये एक चूक सापडली होती: देशाची सरासरी काढताना सगळे चौकोन सारखे धरले होते. एक अंशाचा चौकोन कन्याकुमारीजवळ जेवढा असतो तेवढा लडाखमध्ये नसतो, कारण रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येतात. ८ अंशांवरच्या कोसाइनची किंमत ०.९९, ३७ अंशांवर ०.८०. म्हणून प्रत्येक चौकोनाला कोसाइनने गुणायचं असतं. गुणलं नाही तर उत्तरेकडचे थंड चौकोन वाजवीपेक्षा जास्त मोजले जातात आणि देश आहे त्यापेक्षा गार दिसतो. ही चूक मी दुरुस्त केली होती. नवा कोड एका वेगळ्या फोल्डरमध्ये होता आणि पायथनने आधी तिथे बघावं असं सांगणारी पायथनपाथची ओळ मी लिहिली होती, अर्थातच बॅशआरसीत. चुकीचा जुना कोड मात्र कधीतरी इन्स्टॉल केलेला, होम फोल्डरच्या एका कोपऱ्यात तसाच पडून होता. नवा सापडला नाही तर पायथन मुकाट्याने तो उचलायचा.

आता जोडून बघा. हाताने शिरले तेव्हा समोर माणूस होता, पूर्ण बॅशआरसी वाचली गेली, पायथनपाथ लागला. स्लर्म हा जॉब सांभाळणारा प्रोग्रॅम सोडणाऱ्याच्या शेलमधली सेटिंग मुळातच जॉबबरोबर पाठवतो, त्यामुळे पहिल्या चार दशकांना नवा कोड मिळाला. लॅपटॉपवरून कमांड पाठवली तेव्हा समोर माणूस नव्हता. गार्ड आला, इथूनच परत फिर म्हणाला. पायथनपाथची ओळ त्याच्या खाली होती. शेवटच्या तीन दशकांना जुना कोड मिळाला. पिनाटुबो निघाला माझ्याच बॅशआरसीच्या पहिल्या ओळीतून.

नमस्कारामुळे झालेला बिघाड आरडाओरडा करणारा होता. एक फाईलही उतरू देईना, त्यामुळे पाच मिनिटांत मला तो दिसला. त्यावरच्या उपायाने जो बिघाड केला तो गप्प होता. त्याने मला आकृती दिली, तिला साजेसं कारणही माझ्याकडून लिहून घेतलं. गाईडना पिनाटुबोचे कण किती दिवस टिकले ते तोंडपाठ नसतं तर ते पान पुढे गेलं असतं.

इथे कुणीही म्हणेल, तुझीच चूक, मॅन्युअल वाचायचं होतंस. म्हणून मी वाचलं. नीट, पेन्सिल घेऊन.

मॅन्युअल काय सांगतं ते माझ्या शब्दांत असं. शेल ‘लॉगिन’ प्रकारचा असेल तर आधी सगळ्यांसाठीची ‘/ईटीसी/प्रोफाइल’ वाचतो, मग तुमच्या ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’ आणि ‘.प्रोफाइल’ यांपैकी याच क्रमाने जी पहिली सापडेल ती एकच. लॉगिन नसेल पण इंटरॅक्टिव्ह असेल तर ‘.बॅशआरसी’. दोन्ही नसेल तर यातलं काहीच नाही, बॅश-एन्व्ह नावाच्या व्हेरिएबलमध्ये एखाद्या फाईलचं नाव असेल तर तेवढी. ‘एसएच’ या नावाने बोलावलं तर नियम आणखी वेगळे.

सगळं खरं. प्रत्येक दरवाजाला कुठली किल्ली लागते याची अचूक यादी. पण कुठल्या खोलीत काय ठेवायचं ते एका वाक्यानेही नाही. नवशिका वाचक येतो तो ‘माझी ही ओळ कुठे लिहू?’ हा प्रश्न घेऊन. त्याला उत्तर मिळतं दुसऱ्याच प्रश्नाचं: कुठली फाईल कधी वाचली जाते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढायला दोन्ही बाजू जोडाव्या लागतात आणि मधला दुवा मॅन्युअल देत नाही.

तो दुवा खरं तर सोपा आहे. एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला की पहिल्याचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दुसऱ्याला वारशाने मिळतात. टोपणनावं आणि प्रॉम्प्टची सजावट तशी मिळत नाही. म्हणून वारशाने जाणारं एकदाच, शिरताना लावायचं, आणि न जाणारं प्रत्येक शेलमध्ये नव्याने लावायचं. दोन फाईली आहेत त्या यासाठी. बेल लॅब्जमध्ये स्टीफन बोर्नने लिहिलेला शेल १९७९मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, त्यात ‘.प्रोफाइल’ होती. त्या काळी माणूस टर्मिनलसमोर बसायचा, नाव आणि पासवर्ड द्यायचा, काम करायचा, उठून जायचा. ‘लॉगिन’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. बर्कलीला बिल जॉयने लिहिलेल्या सी शेलने फाईली दोन केल्या आणि नियम एका वाक्यात मावेल असा ठेवला: ‘.सीएसएचआरसी’ प्रत्येक शेल वाचणार, ‘.लॉगिन’ फक्त शिरताना. (शेवटचं ‘आरसी’ त्याहूनही जुनं, १९६०च्या दशकातल्या सीटीएसएस प्रणालीतल्या ‘रनकॉम’वरून आलेलं.) १९८९मध्ये ब्रायन फॉक्सचा बॅश आला. त्याने बोर्नच्या घराण्याची प्रोफाइल घेतली, सी शेलसारखं आरसीचं नाव घेतलं, पण ती फाईल प्रत्येक शेलने वाचायचा नियम घेतला नाही. नाव बघून जी अपेक्षा तयार होते ती इथे मोडते.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप ‘लॉगिन’ या शब्दालाच आहे. मॅन्युअलमध्ये लॉगिन शेलची व्याख्या काय? ज्याला सुरू करताना दिलेल्या नावाचं पहिलं अक्षर आडवी रेघ आहे तो, किंवा ज्याला तसा पर्याय दिलाय तो. बस्स. पासवर्डचा, किल्लीचा, शिरण्याचा त्यात कुठेही संबंध नाही. मी लॅपटॉपवरून एसएसएचने एक कमांड पाठवते तेव्हा किल्ली तपासली जाते, क्लस्टरच्या नोंदवहीत माझं नाव पडतं, पण पलीकडे उठलेला शेल लॉगिन शेल नसतो. उलट मॅकवर टर्मिनलची नवी खिडकी उघडा, कुणी पासवर्ड विचारत नाही, पण तिथे उठतो तो लॉगिन शेल. सामान्य माणूस ज्याला लॉगिन म्हणतो ते आणि बॅश ज्याला लॉगिन म्हणतो ते इतके दुरावलेत की हा शब्द आता अडथळाच झालाय. मॅन्युअलने निदान एवढं तरी सांगायला हवं होतं की बाबा, हा शब्द आम्ही आमच्या अर्थाने वापरतोय.

दुसरा आक्षेप त्यातल्या एका परिच्छेदाला, जो माझ्या गोष्टीचा खरा खलनायक आहे. नियमानुसार माझ्या लॅपटॉपवरून आलेल्या कमांडसाठी उठलेला शेल लॉगिनही नाही, इंटरॅक्टिव्हही नाही. म्हणजे त्याने बॅशआरसी वाचायलाच नको होती आणि माझा नमस्कार फाईलींच्या आड यायलाच नको होता. पण इथे अपवाद आहे. आपल्याला नेटवर्कवरून कुणी चालवतंय का याचा बॅश अंदाज घ्यायचा प्रयत्न करतो, आणि तसं वाटलं तर बॅशआरसी वाचतो. हो, प्रयत्न करतो. मॅन्युअलचा सूरच तसा आहे. अंदाज कसा, तर आत येणारा प्रवाह नेटवर्कच्या सॉकेटला जोडलाय का ते बघून. ही सोय एसएसएचच्याही आधीच्या, आरएसएच नावाच्या जुन्या प्रोग्रॅमच्या काळातली. एसएसएचसाठी आणखी एक तपासणी बॅशच्या कोडमध्ये आहे, ती मुळात बंद असते आणि डेबियनसारखी वितरणं बॅश बांधताना ती चालू करतात. आणि त्या जागी खुद्द बॅशच्या लेखकांनीच टिप्पणी लिहून ठेवलीय की ही तपासणी फसू शकते, आणि तसे प्रसंग काही फार दुर्मीळ नाहीत. म्हणजे माझी सेटिंग दूरच्या मशिनवर लागतील की नाही हे बॅश कुणी, कसा बांधला त्यावर ठरतं. ही गोष्ट कोडमधल्या टिप्पणीत आहे आणि मॅन्युअलमध्ये नाही. इथे मी मॅन्युअलला माफ करू शकत नाही.

तिसरा आक्षेप मॅन्युअलला नाही, डेबियन-उबंटूच्या तयार बॅशआरसीला आहे. गार्ड सगळ्यात वर ठेवलाय. त्याचा अर्थ ही फाईल फक्त माणसासाठी आहे असा होतो, आणि तो एक रास्त निर्णय आहे. पण ते फाईलीत एका ओळीच्या टिप्पणीपलीकडे कुठे सांगितलेलं नाही. आणि नंतर येणारं प्रत्येक इन्स्टॉलर स्वतःची ओळ या फाईलीच्या तळाला चिकटवतं. कोंडा तेच करतो. त्यामुळे खिडकीत बसून चालवलं तर कोंडाचा पायथन, एसएसएचने कमांड पाठवली तर सिस्टिमचा. निम्म्या लॅबला हा अनुभव आहे आणि प्रत्येकाला वाटतं की आपणच काहीतरी वेडेपणा केलाय. आणखी एक प्रकार: एखादं इन्स्टॉलर नवीनच ‘.बॅश_प्रोफाइल’ तयार करतं. ती सापडली की उबंटूची ‘.प्रोफाइल’ वाचलीच जात नाही, आणि बॅशआरसीला बोलावणारी ओळ नेमकी त्या ‘.प्रोफाइल’मध्ये असते. शिरल्यावर टोपणनावं गायब. कारण काय, तर एक नवीन फाईल आली.

बॅशची बाजूही मांडायला हवी. चेट रॅमी हे काम कित्येक दशकं सांभाळतायत आणि जगभरातल्या किती स्क्रिप्ट या विचित्र नियमांवर उभ्या आहेत याची कुणाला मोजदाद नाही. नियम आज सरळ केले तर उद्या सकाळी कुठली बँक बंद पडेल सांगता येत नाही. त्यामुळे नियम बदला असं मी म्हणत नाहीये. मॅन्युअल बदलायला मात्र कुठल्याच बँकेची हरकत नसावी.

ज्यांनी नव्याने सुरुवात केली त्यांनी काय केलं तेही बघितलं. झेडशेलमध्ये ‘.झेडएसएचएन्व्ह’ नावाची फाईल प्रत्येक वेळी वाचली जाते, माणूस असो नसो. सी शेलचा नियमच, नाव जास्त प्रामाणिक. पण मॅकवर तिथेही फट आहे: त्यानंतर वाचली जाणारी ॲपलची एक सिस्टिम फाईल लॉगिन शेलमध्ये पाथचा क्रम पुन्हा लावते, आणि तुम्ही पुढे ठेवलेलं मागे जातं. फिश शेलने फाईल एकच ठेवली, सगळ्यांनी वाचायची. माणूस आहे का ते तुम्ही आत विचारा. मला हे सगळ्यात पटतं. निर्णय तुमचा आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर लिहिलेला. अर्थात क्लस्टरवर फिश मिळत नाही, तेव्हा हे पटून उपयोग शून्य.

बॅशमध्येच राहायचं असेल तर मी आता काय करते ते सांगते. गार्ड काढला नाही. तो पहिल्या ओळीवरून खाली आणला. त्याच्या वरती फक्त निमूट ओळी, व्हेरिएबल लावणाऱ्या, काहीही न छापणाऱ्या. त्याच्या खाली टोपणनावं, रंग, नमस्कार. (नमस्कार नुसता एररच्या प्रवाहात छापला असता तरी फाईली उतरल्या असत्या, कारण एसएफटीपी फक्त मुख्य प्रवाह वाचतो. हे मला कुणीच सांगितलं नाही. पण मग प्रत्येक कमांडमागे नमस्कार आला असता.) ‘.बॅश_प्रोफाइल’मध्ये बॅशआरसीला बोलावणारी एक ओळ, बाकी काही नाही.

आणि काही बिनसलं की अंदाज करत बसत नाही. क्लस्टरवर शिरून ‘एन्व्ह’ कमांडचं उत्तर एका फाईलीत साठवते, मग लॅपटॉपवरून एसएसएचने तीच ‘एन्व्ह’ पाठवून दुसऱ्या फाईलीत, आणि दोन्ही क्रमाने लावून ‘डिफ’ने ताडून बघते. दोन मिनिटांचं काम. पिनाटुबोच्या आधी केलं असतं तर पायथनपाथची ओळ एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही हे ढळढळीत दिसलं असतं.

पण ज्या ओळीमुळे निकाल बदलतो ती ओळ आता मी बॅशआरसीत ठेवतच नाही, गार्डच्या वरही नाही. कोडचं फोल्डर जॉबच्या फाईलीत लिहिते, आणि जॉब सुरू झाला की पहिलं काम म्हणून पायथनने कोड नेमका कुठून उचलला आणि त्याची आवृत्ती कोणती ते लॉगमध्ये छापून घेते. जुना कोड होम फोल्डरच्या कोपऱ्यातून काढून टाकला. तिन्ही दशकं पुन्हा चालवली, दीड दिवस लागला. पायरी गेली. १९९२च्या आसपास रेघेत एक छोटीशी खाच राहिलीय, ती दोन-तीन वर्षांत भरून येते. तिच्याबद्दल मी अजून काहीही लिहिलेलं नाही.

आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्यांना देतात ती एक मजकुराची फाईल आहे, माझ्याही आधीच्या कुणीतरी लिहिलेली. तिच्यात वाक्य होतं: ‘तुमची सगळी सेटिंग बॅशआरसीत टाका.’ जुलैमध्ये आलेल्या मुलाने त्याप्रमाणे टाकलीही होती. मी ते वाक्य बदललं, आणि त्याच्याबरोबर बसून त्याच्या दोन ‘एन्व्ह’ ताडून पाहिल्या. अकरा ओळींचा फरक निघाला. त्यातल्या नऊ रंगांच्या आणि टर्मिनलच्या होत्या. उरलेल्या दोन त्याने वहीत उतरवून घेतल्या, आणि मग हळूच विचारलं, “ताई, मागच्या आठवड्यातले जॉब पुन्हा चालवू का?”